पाच कंपन्या, एक पत्ता

24 फेब्रुवारी 2020, सोमवार. शुक्रवारी, नेमक्या महाशिवरात्रीला, काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने मॉरिशसला ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत टाकलं होतं. ऑफिसात पाऊल टाकताच साहेबांनी सांगितलं, मॉरिशसचे सगळे फंड पुन्हा तपासायचे.

मी मुंबईत एका कस्टोडियन बँकेत, म्हणजे गुंतवणूकदारांचे शेअर्स सांभाळणाऱ्या बँकेत, केवायसी बघते. परदेशी फंडातून शेअर बाजारात आलेला पैसा मुळात कोणाचा, हे शोधणं माझं काम. 1982च्या भारत-मॉरिशस कर करारामुळे भांडवली नफ्यावरचा कर वाचायचा, म्हणून पैसा मॉरिशसमार्गे यायचा. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअर्सना ती सूट राहिली नाही, तरी फायली होत्याच.

तिसऱ्याच फायलीवर अडले. पत्ता मॉरिशसमधल्या एबेनचा. भागधारक पाच कंपन्या, प्रत्येकीचा हिस्सा वीस टक्क्यांच्या आसपास. 25 टक्क्यांहून जास्त हिस्सा असेल तो खरा मालक, या निकषाने कुणीच मालक ठरत नव्हता, म्हणून त्या रकान्यात संचालकाचं नाव. जास्त जोखमीच्या देशाला आम्ही तेव्हा 25 ऐवजी 10 टक्क्यांचा निकष लावायचो. आता पाचही कंपन्यांच्या मागे कोण, ते सांगणं भाग होतं.

एबेनला फोन लावला. तिथली कम्प्लायन्स बघणारी बाई मॉरिशसचीच मराठी, पूर्वज रत्नागिरीकडचे. "नमस्कार ताई" एवढं मराठीत, बाकी इंग्रजीत. महाशिवरात्रीला तिथल्या गंगा तलाव या तीर्थापर्यंत चालत गेल्याने पायाला फोड आले होते, आणि ही बातमी तिला वाटेतच कळली होती. म्हणाली, "आमच्याकडे ऊस, समुद्र आणि ही ऑफिसं. ऑफिसं गेली तर पोरांनी कुठं जायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

तिने टाळाटाळ केली नाही. दुपारी कागद आले. पाचांपैकी तीन कंपन्यांवर एकाच ट्रस्टची मालकी, तिन्ही कागदांवर तीच शेपूट ओढलेली सही. लाभार्थी एकच कुटुंब, पत्ता मलबार हिलचा. माझ्या ऑफिसपासून टॅक्सीने वीस मिनिटं! इथलाच पैसा परदेशी होऊन परत आला होता. निवासी भारतीयांना असा फंड ताब्यात ठेवता येत नाही. मी खात्यातले व्यवहार थांबवायची नोट लिहिली. तिने तिकडे काय केलं ते विचारलं नाही, विचारायचंही नसतं.

मला संताप आला तो याचा: लपणारे आमच्या शहरातले आणि डाग साडेबारा लाख लोकांच्या बेटावर. त्याच वर्षी कोविडने त्यांचं पर्यटन बंद पाडलं, जुलैत वाकाशियो जहाज प्रवाळावर चढलं आणि पुढे तेल समुद्रात सांडलं. अर्थव्यवस्था जवळपास 15 टक्क्यांनी आक्रसली.

ऑक्टोबर 2021मध्ये मॉरिशस यादीतून बाहेर पडलं. त्या रात्री तिचा मेसेज आला, रोमन लिपीत पण मराठीत: "ताई, सुटलो."