तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या पैशात नवी आली असती, मग सांगाडा कशाला उचललास?

"एवढ्या पैशात नवी कोरी आली असती की, लेका!" गॅरेजवर चहाला टेकलेला प्रत्येक जण माझ्या जुन्या यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलकडे बघून हे म्हणतो. पाहुण्यांत गेलो की मामा म्हणतात. घरी आप्पा म्हणतात. आजवर मी नुसतं "हां" म्हणून विषय टाळला. आता एकदा नीट सांगतो.

हो, आली असती. हप्त्यावर, वॉरंटीसकट. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसाचा मुलगा आहे मी, जमाखर्च मलाही मांडता येतो. 1985 ला आलेली आणि 1996 ला बंद झालेली, अठ्ठ्याण्णव सीसीची गाडी आज उभी करायची म्हणजे पैसा जातो हे मला तुमच्याआधी कळलंय. ओरिजिनल सामान मिळत नाही, मिळालं तर विकणारा तोंड बघून भाव सांगतो.

आणि आवाजासाठी केली असंही म्हणू नका. हे मला सगळ्यात लागतं. सायलेन्सर कापून द्या म्हणणारी पोरं माझ्याकडेही येतात, मी ते काम घेत नाही. आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खालीत काम उरकणारं. त्याचा सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो. त्याच्या आकारामुळे दाबाची लाट मागं फिरते आणि बाहेर निसटू बघणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलेंडरमध्ये थोपवून धरते. तो कापला की गोंगाट वाढतो आणि ओढ जाते. माझ्या गाडीला जसा कंपनीनं दिला होता तसाच सायलेन्सर आहे, आणि तो शोधायला मी कोल्हापूरपर्यंत गेलोय.

खरं कारण कामातच आहे. गॅरेजवर गाडी सकाळी येते आणि मालकाला ती संध्याकाळी पाहिजे असते. क्लच सरकतोय, प्लेटा बदला. चेन वाजते, किट टाका. तक्रारीपुरतं उघडायचं आणि झाकायचं. बाकीची गाडी कुणी कशी बांधली, आत कोण काय करून गेलंय, ते बघायला वेळ नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं, म्हणजे क्रँकचा दांडा फिरतो त्या खालच्या पेटीतलं, मिश्रण दाबतो आणि ते बाजूच्या पोर्टातून वर चढतं, म्हणून क्रँकची दोन्ही ऑइल सील घट्ट पाहिजेत, हे मला तोंडपाठ होतं. मॅग्नेटकडचं, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूचं, सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, प्लग पांढरा पडतो, पिस्टन सिलेंडरला धरून अडकतो, हे गिऱ्हाइकाला मी रोज सांगायचो. पण मिरजेच्या लेथवर कनेक्टिंग रॉड टाकून, वाकडेपणा मोजायचा डायल लावून सरळ केलेला क्रँक रिकाम्या केसमध्ये स्वतः बसवला, सील बोटानं दाबत दाबत आत सरकवलं, तेव्हा ते माझं झालं.

सांगाडा कुठून आला ते बहुतेकांना माहितीय. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या एका निवृत्त गुरुजींची गाडी पाण्यात बसली. चाकं, टाकी, हेड, सगळं ज्याला लागेल त्यानं नेलं. उरली उघडी फ्रेम, पोत्यात बांधलेल्या दोन क्रँककेस आणि सुकवलेलं आरसी बुक. फ्रेमवरचा नंबर, केसवरचा नंबर आणि कागद तिन्ही जुळत होते. गुरुजींनी फॉर्मवर सही दिली. मेकॅनिकला याच्याहून मोठं काही देता येत नाही.

म्हणून पुढचं जे झालं ते मला अजून सहन होत नाही.

फ्रेम पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत भाजून चढवायच्या रंगाला दिली. हँडलच्या नळीवर चेसीस नंबर असतो. पुराच्या गाळानं तिथं बारीक खड्डे पडले होते, तरी आकडे वाचता येत होते. त्याच्यावर मी उष्णता सोसणारी टेप लावली, नंबरला हात लावायचा नाही असं कोटिंगवाल्याला बजावलं, वर चिठ्ठीही अडकवली. फ्रेम परत आली ती काळीभोर, सुंदर. टेप नव्हती. "तेवढंच पॅच राहिलं असतं, बरं दिसलं नसतं," असं तिथला माणूस म्हणाला. नंबर पावडरीखाली बुजला होता. बोट फिरवलं की नुसतं गुळगुळीत.

मी तिथंच वाद घातला. कोट काढून द्या म्हणालो. "वायर ब्रशनं मारतो की," असं उत्तर आलं. वायर ब्रश! त्या आकड्यांवर एक चरा जरी उठला तरी तपासणीला नंबर खोडल्यासारखा दिसतो. मी फ्रेम उचलली आणि घरी आणली.

पेंट रिमूव्हर, कापूस आणि बांबूची टोकदार काडी. रिमूव्हर लावायचा, पावडर सुरकुतली की पुसायची, आकड्याच्या खाचेतून काडी फिरवायची. लोखंडाचं काही वापरायचं नाही. आधी एक एक उभा आकडा दिसायला लागला. शेवटून दुसरा तीन आहे का आठ, ते मात्र कळेना. नेमका तिथंच खड्डा होता. टॉर्च तिरका धरला, कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप उमटली ती अर्धवट. आप्पा दारातून बघत होते. त्यांनी विचारलं, "चोरीची नाही ना रं?"

बाहेरच्यांनी विचारलं तर मी उत्तर देतो. मेकॅनिक पोराकडं आरएक्स दिसली की लोकांच्या मनात तेच येतं, याची सवय झालीय. आप्पांनी विचारल्यावर मला बोलता आलं नाही. मी आरसी बुक त्यांच्या हातात दिलं, त्यांनी चष्मा लावला आणि एक एक आकडा मोठ्यानं वाचला. मी काडीनं तो तो आकडा दाखवत गेलो. आठ होता.

पुढं आरटीओत पासिंगला, म्हणजे नोंदणी वाढवायच्या तपासणीला, साहेबांनी छाप घेतली, भिंग लावून बघितली, पुन्हा घेतली. त्यांचं बरोबरच होतं, त्यांनी तसंच बघायला पाहिजे. पर्यावरण कर, उशिराचा दंड, सगळं भरलं. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली. त्यानंतर पुन्हा हीच तपासणी. नळीवरचा तेवढा भाग मी काळा केला नाही. पातळ ग्रीस लावून ठेवतो, आकडे उघडे आहेत.

काम सुरू केलं तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो, स्वस्तात पडते, भंगारातून गाडी. तेव्हाचा मी, तो पोरगा, आज समोर आला तर मी त्याला म्हणेन, पैशाचं कारण पुढं करू नकोस, ते टिकणार नाही. तो म्हणेल, मग काय सांगू, शिकायचं होतं म्हणू? त्यावर कोण मला वेळ देणार? त्याचंही खरं आहे. आपल्याकडं शिकण्याला पगार नाही, आणि मोकळी संध्याकाळ लोकांना रिकामटेकडेपणा वाटते. त्या संध्याकाळी मी बाहेरची कामं घेतली असती तर घरात दोन पैसे जास्त आले असते, हे आप्पा म्हणतात आणि मला खोडता येत नाही.

पण गॅरेजवर परवा एक गाडी आली, प्लग पांढरा, आधी दोन ठिकाणी कार्बोरेटर बदलून झालेला. मी मॅग्नेटचं कव्हर काढून आधी सील बघितलं. तेच गेलं होतं. हे आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्याचे जादा पैसे घेतलेस का?"

नाही घेतले. त्यावरून आमचं अजून चालू आहे.