टाकी फुल्ल केली की गाडीत पेट्रोलचा वास

गॅरेजमध्ये एक तक्रार मी कधीच उद्यावर ढकलत नाही, ती म्हणजे पेट्रोलचा वास. एसी थंड करत नाही, सस्पेन्शन वाजतंय, असल्या गाड्या थांबू शकतात, पण गाडीत वास येतोय म्हटलं की हातातलं काम बाजूला आणि आधी ती गाडी आत. त्या दिवशीची गाडी तर आधीच फिरून आलेली, एका ठिकाणी इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलच्या ओ रिंग (गळती अडवणाऱ्या गोल रबरी रिंगा) बदललेल्या, दुसरीकडे कॅनिस्टर, म्हणजे टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा, नवीन टाकलेला, बिलं झाली आणि वास तसाच. ताई म्हणाल्या, "दादा, मुलगी मागे बसते, तिला मळमळतं, डोकं धरतं. सगळे सांगतात काच खाली करून चालवा."

हे काच खाली करून चालवा ऐकलं की मला खरंच राग येतो. पेट्रोलची वाफ हवेच्या 3-4 पट जड, ती खाली बसते, कार्पेटवर, सीटखाली, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. उणे 40 डिग्रीच्या जवळपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. अशी गाडी वास सापडेपर्यंत चालवायचीच नाही, काच वर असो नाहीतर खाली.

बॉनेट उघडायच्या आधी मी ताईंना बसवून विचारलं, वास नेमका कधी येतो? आधी म्हणाल्या नेहमीच. मग खोदून विचारलं, सकाळी पहिल्या स्टार्टला? सिग्नलला उभं असताना? एसीची हवा बाहेरून घेतली की? पेट्रोल भरल्यावर? इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, भरल्यावर जास्त असतो खरा, चढावर तर फारच, आणि टाकी अर्धी झाली की बरं वाटतं. मग मी विचारलं टाकीतला पंप कधी बदललाय का, तर हो, मध्ये गाडी स्टार्टच होत नव्हती तेव्हा बदलला होता.

माझं अर्धं काम तिथेच झालं. कारण इंजेक्टर किंवा पुढची प्रेशरची लाईन गळत असेल तर टाकी फुल्ल आहे का रिझर्व्हला आलीय याने फरक पडत नाही, लाईनमध्ये तेच 3-4 बार प्रेशर असतं, आणि तो वास बॉनेटखालून एसीच्या हवेबरोबर पुढून आत येतो. टाकीच्या पातळीबरोबर वाढणारा-कमी होणारा वास म्हणजे टाकीची वरची बाजू, भरायचा पाईप, वाफेचे होज नाहीतर पंपाचं झाकण. तरी अंदाजावर पार्ट बदलायचा नाही म्हणून पुढच्या लाईनला प्रेशर गेज लावला, इंजिन बंद करून वाट बघितली, प्रेशर धरून राहिलं, इंजेक्टर कोरडे खडखडीत. मग गाडी सावलीत सगळ्या काचा बंद करून ठेवली आणि नंतर एकेक दार उघडून वास घेतला, मध्ये मध्ये बाहेर मोकळ्या हवेत जाऊन, कारण नाक या वासाला फार लवकर सरावतं आणि मग काहीच कळत नाही. पुढे जेमतेम, मागच्या सीटच्या बुडाशी सणकून.

बॅटरीचा मायनस काढला, दारं सताड उघडी, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. आमचा पोरगा मोबाईलचा टॉर्च लावून वाकायला लागला त्याला आधी मागे घेतला, अशा जागी सीलबंद एलईडी लॅम्पच. मागची सीट उचलली तर खाली पंपावरची पत्र्याची प्लेट, 4 पैकी 2 स्क्रू गायब आणि रबर गॅस्केट फाटलेलं. म्हणजे टाकीवरची वाफ बाहेर जाण्याऐवजी सरळ मुलीच्या सीटखालून आत. प्लेट काढली. पंपाच्या झाकणावर धूळ होती, सगळीकडे राखाडी, कोरडी, फक्त एका कडेला चंद्रकोरीसारखा काळपट ओला पट्टा. तिथे पांढरा टिश्यू टेकवला, लगेच डाग पडला.

टाकी फुल्ल असताना झाकण उघडायचं नसतं, म्हणून पेट्रोल उपसून पातळी खाली आणली. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून लाईनचं प्रेशर आधीच घालवलं होतं. मग लॉक रिंग, म्हणजे पंपाचं झाकण टाकीवर आवळून धरणारी रिंग, काढायला घेतली तर तिच्या दातांवर छिन्नीचे घाव. कुणीतरी वाफेने भरलेल्या टाकीवर लोखंडी छिन्नी आणि हातोडा चालवला होता, बघूनच अंगावर काटा आला. त्याला स्पेशल पाना येतो, नसेल तर निदान पितळेचा दांडा घ्यावा, ठिणगी पडत नाही. आत ओ रिंग एका जागी चेपून चपटी झालेली. पंप बदलताना जुनीच परत टाकली होती. पेट्रोलमध्ये राहिलेलं रबर फुगतं, एकदा काढलं की खाचेत नीट बसत नाही, थोडं बाहेर येतं आणि झाकण त्याच्यावरच आवळलं जातं. इंजेक्टर, कॅनिस्टर सगळं झालं आणि गळत होती ही रिंग.

खाच पुसून नवी ओरिजिनल रिंग बसवली, झाकणावरचा बाण टाकीच्या खुणेला जुळवला, लॉक रिंगपण नवीन. पेट्रोल परत भरलं, इंजिन चालू करून बघितलं, मग बंद करून गाडीचं तोंड जॅकवर वर उचललं, चढावर उभी असल्यासारखी, आणि झाकणाभोवती टिश्यू गुंडाळून बराच वेळ ठेवली. टिश्यू कोरडा. मग नवीन गॅस्केट, 4 स्क्रू, सीट.

ताईंना रिंग हातात दिली आणि जाताना एकच सांगितलं, पेट्रोल पंपावर नोझल एकदा कट झाला की वरून आणखी भरून घेऊ नका, ते पेट्रोल कॅनिस्टरमधल्या कोळशात जातं आणि नवा कॅनिस्टरही खराब होतो. पुढची टाकी फुल्ल केल्यावर त्यांना मुद्दाम बोलावलं, सीट उचलून परत टिश्यू फिरवला. कोरडा होता, आणि मुलगीपण म्हणाली आता डोकं दुखत नाही.