कोणता डबा सुरक्षित?

"कोणत्या डब्यातलं खाणं सुरक्षित, तेवढं सांगा ना." मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे मला सारखं विचारलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण माझं उत्तर डब्यापाशी थांबणार नाही.

आधी आपल्या हातातलं. प्लॅस्टिकमध्ये अन्न गरम करू नका. गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थ त्यात फार वेळ ठेवू नका, कारण अशा वेळी वेष्टनातली रसायनं अन्नात जास्त उतरतात. घरी काच किंवा स्टील बरं.

यापलीकडे ग्राहक फारसं काही करू शकत नाही. सीलबंद पत्र्याच्या डब्याला आतून पातळ अस्तर असतं. धातू अन्नात उतरू नये म्हणून ते लागतंच. पण कित्येक वर्षं ते बहुधा इपॉक्सी या कृत्रिम राळेचं असायचं, आणि इपॉक्सी बनवायला बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, वापरतात. डबा घेताना हे दिसत नाही आणि लेबलवरही सहसा सापडत नाही. मग निवड करायची कशाच्या आधारावर?

बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड डॉड्स यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं. तरीही १९५० च्या दशकापासून त्यातून प्लॅस्टिक आणि अस्तरं बनत गेली. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे प्लॅस्टिकचे पिंजरे चुकीच्या साबणाने धुतले गेले, त्यातून बीपीए पाझरलं आणि माद्यांच्या अंडपेशींतल्या गुणसूत्रांत दोष दिसू लागले. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीए वापरायला युरोपीय संघाने २०११ मध्ये बंदी घातली, अमेरिकेने २०१२ मध्ये. अन्नाशी संबंध येणाऱ्या जवळजवळ सगळ्याच वस्तूंमधून ते काढण्याचा युरोपीय नियम यायला डिसेंबर २०२४ उजाडला, आणि त्यातही उद्योगांना मुदत दिलेली आहे. मला संताप येतो तो या मधल्या वर्षांचा.

'अल्प प्रमाणात काही होत नाही' हे नेहमीचं उत्तर. अल्प म्हणजे किती? युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम बीपीए चालेल असं म्हटलं होतं. २०२३ मध्ये त्याच संस्थेने हा आकडा ०.२ नॅनोग्रॅमवर आणला (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग), म्हणजे २०,००० पट कमी. हे फार झालं असं जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेचं मत, आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्यांचा स्वतःचा आकडा २०० नॅनोग्रॅम आहे, तोही जुन्या मर्यादेच्या विसाव्या भागाइतकाच. हार्मोन मुळातच अत्यंत सूक्ष्म प्रमाणात काम करतात. त्यांची नक्कल करणाऱ्या रसायनाला विषाची साधी मोजपट्टी लावून भागत नाही.

आता दुसरी पळवाट. 'बीपीए फ्री' लिहिलेल्या कित्येक वस्तूंमध्ये बीपीएस, म्हणजे बिस्फेनॉल एस, आलं. रचना जवळपास तीच, आणि प्रयोगांत हार्मोनवरचा परिणामही तसाच. एकेका रसायनावर बंदी घालत बसलं की त्याचा भाऊबंद पुढे येतो आणि अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मला डेन्मार्कचं पाऊल योग्य वाटतं. तेल झिरपू नये म्हणून कागदी वेष्टनांत वापरली जाणारी पीएफएएस ही हजारो रसायनांची जमात आहे, आणि त्यांतली कित्येक शरीरात वर्षानुवर्षं राहतात. डेन्मार्कने २०२० पासून अन्नाच्या कागदी-पुठ्ठ्याच्या वेष्टनांत ही अख्खी जमात बंद केली. युरोपच्या नव्या बीपीए नियमातही इतर घातक बिस्फेनॉलं धरली आहेत.

मला हवं आहे ते हे: सुरक्षितता सिद्ध करण्याचं ओझं बनवणाऱ्यावर, तेही माल बाजारात येण्याआधी, परवानगी जमातीचा विचार करून, आणि नवा पुरावा आला की जुन्या परवानग्यांची फेरतपासणी. वेष्टनात काय घातलंय हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं, म्हणून उत्तर द्यायला आधी त्यालाच उभं केलं पाहिजे.