चौतीस कान्नोन आणि एक कापलेला डोंगर

टोकियोतली आपली मंडळी जोडून सुट्टी आली की निक्को, हाकोने नाहीतर कामाकुरा गाठतात. चिचिबुला निघालोय म्हटलं, की "तिथं काय आहे?" हे ठरलेलं. आहे ते असं: सैतामा प्रांतातलं डोंगरांनी वेढलेलं एक खोरं, त्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, चौतीस देवळं, आणि ती सगळी जोडणारी साधारण 100 किलोमीटरची वाट. इकेबुकुरोहून सेइबु रेल्वेची एक्सप्रेस सुमारे 80 मिनिटांत तिथं सोडते. मी ही वाट शनिवार-रविवार जमतील तसे धरून तुकड्यातुकड्यांनी चाललो. कुणी गाडीनं करतं, कुणी सायकलनं. माझ्या मते ही चालायचीच यात्रा आहे, कारण दोन देवळांच्या मधलं जे आहे तेच तिचं खरं वैभव.

चौतीस का, तर हिशेबासाठी. पश्चिम जपानातली साइगोकूची कान्नोन यात्रा तेहतीस देवळांची, टोकियोच्या आसपासच्या बांदोचीही तेहतीसच. चिचिबुतही 1488 च्या यादीत तेहतीसच होती. पुढे सोळाव्या शतकात एक वाढवलं आणि तिन्ही मिळून शंभर भरले. क्रमसुद्धा बदलला. जुन्या यादीत पहिलं होतं जोरिनजी, ते आता सतराव्या नंबरवर. एदोहून, म्हणजे जुन्या टोकियोहून, यात्रेकरूंची रीघ लागली तेव्हा त्यांना वाटेत आधी लागणारं शिमाबुजी पहिलं झालं. एदोहून इकडे येताना तपासणी नाका लागत नसे, त्यामुळे बायकांनाही येणं सोपं होतं. देवाचा क्रम गिऱ्हाइकाच्या सोयीनं लावला म्हणा ना. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शिमाबुजीतच पांढरा अंगरखा, वेताची टोपी, काठी असं सगळं मिळतं. मी काठी आणि शिक्क्यांची वही घेतली. प्रत्येक देवळात दर्शन झालं की कार्यालयात वही द्यायची. तिथं बसलेली व्यक्ती कुंचल्यानं झरझर अक्षरं ओढते, लाल शिक्के मारते आणि शाई पसरू नये म्हणून टिपकागद घालून वही परत देते. दुसऱ्या शिनपुकुजीची गंमत वेगळीच. छातीवर येणारा चढ चढून जंगलातल्या त्या एकट्या देवळाशी पोचलात तरी तिथं कुणी नसतं. शिक्का मिळतो खालच्या कोम्योजीत. म्हणजे न चढताही वही भरता येते, आणि कोम्योजीतल्या आजी काही विचारत नाहीत. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "चिखल होता ना वर?" माझे बूटच सांगत होते.

चौथं किन्शोजी मात्र घाईत उरकू नये. दारावर माणसाच्या उंचीच्या गवती चपला टांगलेल्या, आणि आत शिरलं की चढावर, झाडांच्या मुळांत, कड्याच्या कपारीत दगडी बुद्ध. तेराशेच्या वर आहेत. कुणाचं डोकं तुटून पुन्हा बसवलेलं, सांधा दिसतोय. कुणाच्या मांडीवर शेवाळाची गादी. मुख्य देवळाच्या ओसरीवर बाळाला अंगावर पाजणारी कान्नोन बसली आहे. एवढी सैल, घरगुती मूर्ती मी जपानात दुसरीकडे पाहिली नाही. बाळाचा हात आईच्या छातीवर आहे आणि तिची मान त्याच्याकडे जराशी कललेली.

पंढरीच्या वाटेवर चाललेल्या माणसाला इथं सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. दिंडी नाही, टाळ नाही, "माउली" म्हणून वाट देणारं कुणी नाही. तासतासभर आपण, शेताच्या कडेचे दिशादर्शक दगड आणि नोव्हेंबरात पानं झडलेल्या झाडांवर लटकलेली नारिंगी पर्सिमनं. सोबत असते ती बुको डोंगराची. 1304 मीटर उंचीचा हा डोंगर चिचिबुचं दैवत, आणि चुनखडीचा असल्यामुळे सिमेंटची खाणही. त्याची उत्तरेकडची बाजू पायऱ्यापायऱ्यांनी कापून काढली आहे. आठव्या साइझेंजीच्या अंगणात सहाशे वर्षांचा मेपल आहे, सगळे त्याचेच फोटो काढतात. मला मात्र मान वर केली की तो तासलेला डोंगरच दिसत राहिला. टोकियोत ज्या इमारतींत आपण राहतो त्यांचं सिमेंट कुठून तरी येणारच.

गावातली देवळं पटापट होतात. वाटेत मिसो पोटॅटो खावा: बटाट्याचे तळलेले तुकडे, वर गोडसर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. शाकाहारी माणसाने मात्र मिसोत माशाचा अर्क आहे का, हे विचारून घ्यावं.

तेविसावं ओंगाकुजी अराकावा नदीपलीकडच्या टेकडीवर. नावात संगीत असल्यानं गायक गाणं चालावं म्हणून इथं येतात आणि देवळात आपली पोस्टरं लावतात. मी गेलो ते घंटेसाठी. 1884 साली रेशमाचे भाव कोसळले, शेतकरी कर्जात बुडाले. 1 नोव्हेंबरला मुकु देवस्थानात ते जमले आणि दुसऱ्या दिवशी हीच घंटा बडवून खाली गावात उतरले. सावकारांची घरं फोडली, कर्जाचे कागद जाळले. थोड्याच दिवसांत सैन्यानं उठाव मोडून काढला. म्होरक्या ताशिरो एइसुके याला पुढच्या वर्षी फाशी झाली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांचे दस्त जळाले ते 1875 मध्ये, जेमतेम नऊ वर्षं आधी. घंटेपासून खालचं शहर सगळं दिसतं, म्हणजे त्यांनाही दिसत असणार.

अठ्ठाविसावं हाशिदातेदो उभ्या चुनखडीच्या कड्याला टेकून आहे. इथली कान्नोन घोड्याच्या मस्तकाची. जपानी पंचांगात वर्षांना बारा प्राण्यांची नावं आळीपाळीनं येतात, आणि चिचिबुत त्यातल्या घोड्याच्या वर्षाला मोठं महत्त्व. दर बारा वर्षांनी ते आलं की एरवी बंद असलेले गाभारे दर्शनाला उघडतात. 2014 आणि 2026 ही तशी वर्षं. मी गेलो तेव्हा सगळी दारं बंद होती, फटीतून अंधार दिसायचा.

एकतिसाव्या कान्नोन-इनला 296 पायऱ्या. हृदयसूत्र या छोट्या बौद्ध सूत्राची 276 अक्षरं आणि पठणाचं पुण्य सगळ्यांना अर्पण करणाऱ्या शेवटच्या ओळींची 20, असा त्यांचा हिशेब सांगतात. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं ते सूत्र पुटपुटत चढत होतं. आजोबा दमले की आजी एक ओळ जोरात म्हणायच्या आणि ते पुन्हा पाऊल उचलायचे. मीही त्यांच्याच चालीनं चढलो. पुढे जायला जागा नव्हती आणि इच्छाही.

चौतिसाव्या सुइसेनजीत यात्रा पुरी होते. इथं काठी ठेवून जायची पद्धत आहे, आणि मग नागानोच्या झेन्कोजीला जाऊन आभार मानायचे. वहीचं शेवटचं पान भरलं. काठी मात्र मी ठेवली नाही: पुढची बस बऱ्याच वेळानं होती आणि मिनानो स्टेशनपर्यंतचा डांबरी उतार अजून बाकी होता.