क्योतोतले तीन वाडगे

क्योतो म्हटलं की देवळं, किमोनो आणि चिमटीने वाढल्यासारखं नाजूक कैसेकी जेवण डोळ्यांपुढे येतं. हजारेक वर्षं राजधानी असलेलं शहर, तेव्हा इथलं रामेनही (रश्श्यातल्या नूडल्सचा वाडगा) सोवळ्यातलं, पातळ रश्श्याचं असणार असं मी धरून चाललो होतो. तो समज पहिल्याच संध्याकाळी गळून पडला.

रामेनची दुकानं हिंडवून चव दाखवणारी टूर घेतली होती : आम्ही सहाजण आणि एक गाईड. भेटायची जागा देमाचियानागी स्टेशन. तिथून एझान रेल्वेची एका डब्याची गाडी सुटते, ट्रॅमची थोरली बहीण वाटावी अशी. तिसरं स्टेशन इचिजोजी. क्योतो विद्यापीठ जवळ असल्यामुळे हा विद्यार्थ्यांचा भाग, आणि भुकेल्या पोरांना स्वस्तात पोटभर काय घालायचं या प्रश्नाचं उत्तर म्हणून हिगाशिओजी रस्त्याच्या आसपास रामेनची दुकानं एकाला एक लागून उभी आहेत. आता जपानभर शाखा असलेलं 'तेन्का इप्पिन'सुद्धा क्योतोतलंच. १९७१ साली हातगाडीवर सुरू झालं आणि कोंबडीच्या दाट रश्श्यावर मोठं झालं.

गाईडने सुरुवातीलाच दोन शब्द पाठ करून घेतले : 'अस्सारी' म्हणजे हलकं, 'कोत्तेरी' म्हणजे दाट. चव घ्यायची ती याच क्रमाने, नाहीतर दाटानंतर हलकं पाणचट लागतं. आम्हाला तिन्ही ठिकाणी अर्धे वाडगे मिळाले. दुकानांशी आधी बोलून ठेवलेलं असतं म्हणून हे जमतं. एरवी माणशी एक वाडगा घ्यावाच लागतो, एकात दोघांनी खायचं नाही. टूर घ्यायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

पहिला वाडगा सोया सॉसचा, नितळ. दुसऱ्यात डुकराच्या पाठीच्या चरबीचे बारीक पांढरे कण तरंगत होते आणि वर हिरव्यागार कुजो पातीचा ढीग. ही पात क्योतोची खासियत, आपल्या कांद्याच्या पातीपेक्षा गोडसर. तिसरा 'तोरी पाइतान' : कोंबडीची हाडं तासन्‌तास रटरट उकळून त्यातला मगज आणि चरबी रश्श्यात एकजीव झालेली, रंग दुधी. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्याची आठवण झाली, पण तिखटाचा पत्ता नाही आणि दाटपणा असा की चमचा तिरका केला तरी रस्सा सावकाश उतरत होता. माझा कौल दुसऱ्या वाडग्याला. तिसऱ्याचे चार घोट स्वर्ग, पाचव्याला मला धाप लागली.

नूडल्स पिवळट आणि चिवट का, तर कणीक भिजवताना 'कान्सुइ' नावाचं क्षाराचं पाणी घालतात. आपल्या पापडखाराचाच भाऊबंद. या नूडल्स गरम रश्श्यात पटकन फुगतात, म्हणून फोटोत वेळ न घालवता ओरपायच्या. भुरके मारल्याचा आवाज होऊ द्या, तिथे कोणी डोळे वटारत नाही.

आता शाकाहाऱ्यांसाठी, कारण आमच्याकडे बायको अंड्यापुरतीच. वाडग्यात मांस दिसत नाही म्हणून तो शाकाहारी, असं समजू नका. रस्सा हाडांचा नसला तरी त्यात 'कात्सुओबुशी' असण्याची दाट शक्यता, म्हणजे कुप्याच्या जातीचा वाळवून धुरावलेला मासा. दुकानात शिरून 'नो मीट' म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही. टूर बुक करतानाच मांस, मासे, डुक्कर, अॅलर्जी, सगळं स्पष्ट लिहून कळवा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. क्योतोत व्हेगन रामेनची वेगळी दुकानं आहेत. बायकोने दुसऱ्या दिवशी तिळाच्या रश्श्याचं खाल्लं आणि ते माझ्यापेक्षा जास्त आवडीने संपवलं. ज्यांचं पथ्य कडक आहे त्यांनी टूरच्या भानगडीत न पडता सरळ तिकडेच जावं.

दुपारचं जेवण टाळा, अर्धे असले तरी तीन वाडगे होतात. रोख येन जवळ ठेवा, बऱ्याच दुकानांत दाराशीच कूपनचं मशीन असतं आणि काही मशीनं फक्त नोटा-नाणी घेतात. एक वाडगा साधारण हजार येनच्या आसपास. जपानी वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा, बहुधा तीच त्या दुकानाची ओळख असते. टिप ठेवायची नाही. काउंटरवर आठ-दहा खुर्च्या असतात, त्यामुळे खाऊन झाल्यावर गप्पा बाहेर. मोठी बॅग हॉटेलवर ठेवून या. इचिजोजीला उजेड असताना पोचलात तर आधी १६४१ साली बांधलेली शिसेन्दो ही जुनी वास्तू आणि तिची बाग बघून घ्या. चढ आहे, भूकही लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिकलेलं ताडून बघायला एकटाच निघालो. मशीनवर डावीकडचं वरचं बटण शोधलं, आणि शेजारच्या 'ओओमोरी'वर, म्हणजे जास्तीच्या नूडल्सवरही बोट पडलं. समोर जे आलं त्यात मला हात धुता आले असते. टाकणं बरं दिसत नाही, म्हणून मान खाली घालून खात राहिलो. शेजारचा कॉलेजातला मुलगा माझ्यानंतर आला, तेवढाच वाडगा माझ्याआधी संपवला, तो उचलून काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवला, ओल्या फडक्याने आपल्यापुरती जागा पुसली आणि 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणून गेला. आचाऱ्याने पाठ न वळवताच मोठ्याने ओ दिली. वीस मिनिटांनी मीही तसंच केलं, अगदी फडक्यासकट, आणि मलाही तेवढ्याच मोठ्याने ओ मिळाली.