फ्लॅट की क्लिपलेस: माझा अनुभव, आणि सोलखालचा तो एक मिलिमीटर

क्लिपलेस म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली धातूची क्लीट ज्यात अडकते ते सायकलचं पेडल. त्याच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद येतो. बोल्ट किती आवळायचा, स्प्रिंगचा स्क्रू कुठे फिरवला की घट्ट होते आणि कुठे सैल, हे त्यावर चित्रांसकट दिलेलं असतं. माझ्या खोक्यातल्या कागदावर बुटाच्या सोलचे रबरी कंगोरे पेडलला किती टेकावेत याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. माउंटन बाइकवर फ्लॅटवरून (ज्यावर बूट न अडकवता नुसता टेकवतात त्या सपाट पेडलवरून) क्लिपलेसवर येताना माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. दुकानात विचारलं तर एकच उत्तर, ‘सवय होईल.’ सवयीने रबर झिजत नाही. त्याचा राग अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

निवडीचं आधी उरकते. क्लिपलेसने वर ओढायची जादा ताकद मिळते असं म्हणतात. त्या कारणासाठी घेऊ नका. जोर मुख्यतः खाली दाबण्यातूनच येतो. क्लिपलेसचा खरा फायदा असा की दगडधोंड्यांतून पेडल मारताना पाय उडत नाही आणि चवडा दर वेळी त्याच जागी बसतो. लांब चढ आणि खडबडीत सपाट ट्रेल असेल तर हा फरक मोठा आहे. उलट तीव्र उतार, ओली मुळं, नवी उडी, जिथे पाय कधीही जमिनीवर टेकवावा लागतो, तिथे फ्लॅट. फ्लॅट फक्त शिकाऊंसाठी असतात हा समज चुकीचा आहे. सायकलपटू सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही माउंटन बाइक शर्यतींची मालिका फ्लॅटवर जिंकली आहे.

आणि बनीहॉप (दोन्ही चाकं उचलून मारायची उडी) येत नसेल तर आधी फ्लॅटवरच शिका. क्लिपलेसवर पाय नुसते वर ओढले तरी मागचं चाक उचललं जातं, त्यामुळे हँडल पुढे ढकलून बोटं खाली वळवत पेडल मागे खरवडायचं तंत्र शिकायचं राहूनच जातं.

आता अडकलेल्या जागेकडे.

एसपीडी जातीच्या (शिमानोच्या रचनेच्या) पेडलमध्ये क्लीटचं नाक पुढच्या आकड्याखाली घालायचं आणि दाबायचं, मग मागचा स्प्रिंगवाला जबडा सरकून क्लीटवर बंद होतो. टाच बाहेर फिरवली की क्लीट त्या जबड्याला मागे ढकलते आणि सुटते. हे सगळं चालायला क्लीट पूर्ण खाली बसावी लागते. पण माउंटन बाइकच्या बुटात क्लीट सोलच्या खाचेत असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाड रबर असतं. हे रबर पेडलच्या अंगावर आधीच टेकलं तर जबडा अर्धवटच बंद होतो. कसाबसा बंद झाला तरी रबर पेडलवर दाबलेलं राहतं आणि टाच फिरवताना त्याचं घर्षण आडवं येतं.

लक्षणं ओळखता येतात. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येत नाही. हातात बूट धरून दाबला तर बसतो, पण अंगाचं वजन पडलं की टाच डिंकात रुतल्यासारखी फिरते. तोच बूट दुसऱ्या सायकलच्या पेडलवर मात्र लोण्यासारखा सुटतो, कारण प्रत्येक पेडलच्या अंगाची उंची वेगळी असते. भोवती मोठी चौकट असलेल्या ट्रेल पेडलवर हा त्रास जास्त, लहान क्रॉसकंट्री पेडलवर कमी.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे स्प्रिंग सैल करा. हा सल्ला इथे घातक आहे. पाय स्प्रिंगने धरलेलाच नसतो, रबराने धरलेला असतो. स्प्रिंग सैल केल्याने घर्षण तसंच राहतं, आणि अर्धवट मिटलेला जबडा आता पहिल्याच आदळआपटीत उघडतो. म्हणजे थांबताना पाय निघत नाही आणि उतारावर नको तेव्हा निघतो.

तपासणी अशी. बूट पायातून काढा आणि हाताने पेडलमध्ये अडकवा. साध्या कागदाची पट्टी घेऊन क्लीटच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, सोल आणि पेडलच्या मधे सरकवा. पट्टी थोडी घासत सरकली तर अंतर बरोबर आहे. चिमटून बसली तर रबर जास्त आहे. अजिबात न घासता आरपार गेली तर अंतर जास्त आहे, पाय डावीकडे-उजवीकडे डुलेल आणि सगळा भार एकट्या क्लीटवर येईल. रबर नेमकं कुठे टेकतंय हे पाहायला पेडलच्या कडांना खडू फासा, बूट अडकवून दोन-चार वेळा टाच फिरवा आणि काढून सोल बघा. खडूचे पट्टे उमटतील तीच जागा.

उपाय दोन. पहिला, क्लीटखाली पातळ स्पेसर घालणं. साधारण एक मिलिमीटरचा एक पुरतो, क्वचित दोन लागतात. स्पेसरने बोल्ट तेवढा कमी आत जातो, तेव्हा तो किमान चार-पाच पूर्ण आटे धरतोय ना ते मोजून बघा. धरत नसेल तर लांब बोल्ट घ्या. दुसरा, रबर तासणं. धारदार कटरने खडूच्या खुणेवर एका वेळी अगदी पातळ थर काढायचा, पुन्हा कागद लावायचा, पुन्हा काढायचा. सोल आणि वरचा भाग जिथे चिकटवलेला असतो त्या सांध्याजवळ पातं नेऊ नका. मी आधी स्पेसरच वापरायला सांगेन, कारण तो परत काढता येतो. दगडांवर चालून चालून रबर झिजतं, अंतर वाढतं, आणि मग तोच स्पेसर काढला की गाडी रुळावर येते. कापलेलं रबर परत येत नाही. चौकटीवर पिना (पकडीसाठीचे छोटे खिळे) असतील तर त्याही आत-बाहेर करून बघा, कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

हे जमल्यावरच स्प्रिंगला हात लावा. सुरुवातीला स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल, मग एकेक क्लिक वाढवत न्या. प्रत्येक पेडलच्या दोन्ही बाजूंना वेगळा स्क्रू असतो, म्हणजे एकूण चार. तीन फिरवून चौथा विसरला की एक बाजू कायम हट्टी राहते. शिमानोच्या क्लीटमध्ये एसएच-५१ फक्त टाच वळवून सुटते, तर एसएच-५६ अनेक दिशांनी, घाबरून तिरकं वर खेचलं तरी सुटते. शिकायला ५६ चांगली, पण उड्या मारणाऱ्याने ती ठेवू नये. क्रँकब्रदर्स या दुसऱ्या कंपनीच्या पेडलला ताण कमी-जास्त करायची सोय नाही. त्यांच्या नेहमीच्या जोडीतली कोणती क्लीट डाव्या आणि कोणती उजव्या बुटाला लावता त्यावर सुटण्याचा कोन १५ किंवा २० अंश ठरतो. त्यांची रचना उघडी, त्यामुळे चिखल आरपार निघून जातो, पण पितळी क्लीट लवकर झिजते.

क्लीटची जागा: बुटावरून अंगठ्यामागचं हाड आणि करंगळीमागचं हाड चाचपून दोन्हींवर खूण करा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान, आणि माउंटन बाइकसाठी मागच्या खुणेकडे झुकलेला हवा. पुढे लावलेल्या क्लीटने उतारावर पोटऱ्या भरून येतात. कोन ठरवायला टेबलावर बसून पाय मोकळे सोडा, पावलं नैसर्गिकपणे जिकडे वळलेली दिसतील तोच कोन क्लीटला द्या. गुडघा दुखायला लागला तर आधी हा कोन बघा. क्लीट मागे नेली की पायाची पोहोच कमी होते, तेव्हा सीट काही मिलिमीटर खाली घ्या.

बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि ५ ते ६ न्यूटन-मीटर आवळा, ४ मिलिमीटरच्या अॅलन कीने. पहिल्या राइडनंतर परत आवळा, कारण क्लीटचे दात सोलमध्ये रुततात आणि बोल्ट सैल पडतो. एक बोल्ट गळून पडला तर क्लीट उरलेल्या बोल्टभोवती बुटासकट गरगर फिरते, आणि पाय सुटतच नाही. असं झालं तर झटापट करू नका. काहीतरी धरून उभं राहा, बुटाची नाडी सोडा आणि पाय बुटातून काढा.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठीही थोडं. पेडलचा मध्य कडांपेक्षा खोलगट हवा आणि पिना चार-पाच मिलिमीटर बाहेर. खोल कंगोऱ्यांचे ट्रेकिंगचे बूट चालत नाहीत, पिना खाचांत पडतात आणि पकड जाते. सपाट, मऊ रबराचा सोल घ्या. उतारावर टाच खाली ठेवा, म्हणजे धक्का बसला की पाय पेडलवर दाबला जातो. नडगीवर पॅड घाला, पिनेची जखम खोल असते.

पेडल बसवताना डाव्याचे आटे उलटे असतात हे आठवत नसेल तर एवढंच करा: पाना वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडलं आवळतात, मागे ओढला की सुटतात.

आणि क्लीटच्या बोल्टची खाच चिखलाने भरलेली असताना की घालू नका, आधी टोच्याने साफ करा, नाहीतर कोपरे गोल होतात. झालेच असतील तर टी-२५ टॉर्क्सचं (चांदणीच्या आकाराचं) टोक हातोडीने आत ठोकून बसवा आणि सावकाश फिरवा, बहुतेक वेळा निघतो. तो बोल्ट मग परत लावू नका.