आखाजीचे दहा रुपये

‘तुमच्या चित्रकथेतल्या पोराचं एकदाही जमत नाही, आणि ते मोडणारा व्हिलनही कुठं दिसत नाही. असं का?’ शाळेत कुठं बोलवलं की पोरं हे हमखास विचारतात. एरवी मी ‘पुढच्या गोष्टीत बघू’ म्हणून सटकतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

भुसावळ स्टेशनाबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला अमेरिकन चित्रकथेतला आर्ची सापडला. 1941 साली जन्मलेला हा पोरगा, मी वाचला तेव्हाही शाळेतच होता. बेटी की व्हेरॉनिका ते ठरत नाही, गाडी खटारा, खिसा फाटका, आणि व्हेरॉनिकाचा गडगंज बाप ह्याला दारात बघितलं की पेटतो. पुस्तक एवढंसं, गणिताच्या गाईडात बरोबर मावायचं. त्यात मुद्दाम खोडा घालणारा रेजी होता. आमच्या अमळनेरात रेजीची गरज पडली नाही. नातेवाईक पुरले.

मी सोळा वर्षांचा. आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे दिवस, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटायची. गल्लीतल्या एका घरी पुण्याहून पोरगी आली होती. दोन दिवस ती झोक्यावर आणि मी समोरच्या ओट्यावर. तिसऱ्या दिवशी मायनं कळण्याचं दळण डोक्यावर दिलं, ज्वारी आणि त्यात उडीद, आणि हातात दहा रुपये. चक्कीवर लाईट नव्हती. परत येताना ती भेटली, आणि कुठून धीर आला कोण जाणे, म्हटलं, रस पिणार का?

रसवंतीवर दळणाची पिशवी बाकाखाली सरकवली. दोन ग्लास आले. मी काहीतरी झकास बोलणार, तेवढ्यात रसवाल्या बाबांनी चरक थांबवला.

“कोना आंडोर शे रे तू?”

कुणाचा पोरगा ते सांगितलं. मग बाबांनी तिला विचारलं. तिनं आईचं नाव सांगितलं. बाबांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं. (खान्देशात वंशावळ कागदावर नसते, रसवंतीवर असते.)

“हिनी माय तुन्ही गल्लीनी आंडेर. मंग तू हिना मामा लागस ना भो!”

ती फिसकन हसली, रस नाकात गेला. मी घाईघाईनं दहाची नोट पुढं केली. बाबा चिडलेच. नात्यात पैसे घेऊ का? नोट परत माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाले, “आखाजी शे. भाचीना हातवर ठेव.”

ठेवली. करतो काय? तिनं वाकून नमस्कार केला. सोळाव्या वर्षी, भर बाजारात.

घरी गेलो तर दळण बाकाखालीच राहिलेलं. वाटेत थाप रचत आलो होतो, नोट पडली म्हणून. उपयोग नव्हता. बाबांनी पिशवी सायकलवरून कधीच पोचती केली होती, हकिगतीसकट. माय कंबरेवर हात ठेवून उभी. रस, पोरगी, चक्कीचे पैसे, कशाबद्दल अवाक्षर नाही.

“दहाच दिले? वर रुपया नको का? लोक काय म्हणतील?”

पदराच्या गाठीतलं नाणं काढून तिनं मला तसंच पिटाळलं. दारात पोचलो तर झोक्यावरून आवाज आला, “आजी, मामा आला!”